अक्षरी दीड पौंड

मैदानामागच्या दुकानात मी शर्टांवर नावं चिकटवते.
एकशे साठ अंश, पंधरा सेकंद, अक्षराला दीड पौंड.
मे महिन्यात आम्ही सतरावे आलो, म्हणजे
बुडालो नाही एवढंच; नाकात पाणी गेलं.
जूनमध्ये कप्तान विकला. रडून झालं.
त्याची न खपलेली अक्षरं मी वेगळी करून
खणात परत टाकली: आर आरच्या घरात, टी टीच्या.
माणूस गेला की असा वाटला जातो.

मग सुरू झालं ते.
वेदरगेटला उन्हाळा उन्हाने येत नाही,
समुद्रावरून धुकं येतं, आणि धुक्यातून नावं.
मासळीच्या शेडमधला ग्रेडन शपथेवर सांगतो,
मेव्हण्याने स्वतः टॅक्सीतून आणला त्याला स्टेशनवरून:
उंच, काळी दाढी, जॉर्जियाचा, गेल्या मोसमात एकवीस गोल.
लोमिनाश्विली.
बेकरीत, दवाखान्यात, कुत्री फिरवणाऱ्यांच्या तोंडी,
ज्यांना नकाशात जॉर्जिया सापडणार नाही
तेही आता अडखळत नाहीत, नाव चघळतात.
बाजारात तुरी,
आणि आमच्या गल्लीत वरणाला फोडणी बसलीसुद्धा.

मी शहाणी. सगळ्यांना हसले.
रात्री मात्र खण उघडून मोजलं:
आय भरपूर, एल पुरतील,
व्ही दोनच, त्यातला एक चिरलेला.
आमच्या गावात व्ही लागतोय कुणाला?
कुणाला न विचारता चाळीस व्ही मागवले.
लोक देव पाण्यात घालतात.
मी ऑर्डर घातली.

डेन्झिल रोज येतो. वय नऊ, पुढचे दोन दात पडलेले.
हातात लोणच्याची बरणी, बरणीत नाणी.
"बारा अक्षरं ना? म्हणजे अठरा?"
"अठरा."
"थोडं कापलं तर? नुसतं लोमी?"
"नाही रे. एवढ्या लांबून येणाऱ्याला
अर्ध्यात कसं उतरवायचं?"
पटलं त्याला. महिनाभर शेजारणीच्या वाफ्यातल्या
गोगलगाई वेचत होता, पेनीला एक.

ऑगस्टची शेवटची रात्र. अकराला बाजार बंद.
मी दुकानातच बसले, यंत्र तापवून,
पाहुण्यासाठी आधण ठेवावं तसं.
पावणेअकराला कळलं, पाहुणा पुढच्या गावी उतरला.
शेजारच्या बंदरवाल्यांनी जास्त मोजले.
त्यांच्या दुकानात पुरेसे व्ही असोत
असं काही माझ्या मनात आलं नाही.

दोन मिनिटं उरली असताना फोन:
"पाइक. फुकटात. एका वर्षासाठी."
आमचाच पाइक! तेविसाव्या वर्षी गेला होता,
परत येतोय चौतिसाव्या, गुडघा दोनदा उघडून.
चार अक्षरं.

सकाळी डेन्झिल बरणी घेऊन उभा.
"कोण हा?"
मग मी सांगितलं: गारपीट, शेवटचं मिनिट,
एक बूट चिखलात रुतून राहिलेला,
आणि नुसत्या मोज्याने मारलेला तो गोल.
"खरंच?"
"मी होते तिथे."
होते खरंच. मोज्याचा रंग मात्र
दर वेळी सांगताना बदलतो.

बराच वेळ त्याने बरणीकडे पाहिलं.
मग सहा पौंड मोजले, सगळे सुटे,
एक नाणं अजून चिकट.
मी पी ठेवला, वाय, के, ई,
पट्टीने मध्य धरला, दाब दिला.
"लगेच ओढू नकोस कागद. गार होऊ दे.
नाहीतर नाव धरत नाही."
तो वाकून पाठीवरच्या अक्षरांना फुंकर घालत राहिला,
दातांच्या फटीतून, शिट्टीसारखी.

व्हीचं पाकीट तसंच आहे, न फोडलेलं.
तीस दिवसांत परत करता आले असते.
एकतिसाव्या दिवशी आठवलं मला,
असं मी मालकाला सांगितलं.